आपली कौशल्यं ओळखायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या कंपन्यांसाठी माणसं निवडण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. आता ओळखीपाळखीतले लोक बायोडेटा दाखवायला येतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायलाच हवेत असं नाही.

कौशल्य म्हणजे नेमकं काय धरायचं?

जे काम तुम्ही उद्या दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसांबरोबर पुन्हा करून दाखवू शकता, ते कौशल्य. "बी.कॉम. झालंय" हे शिक्षण. "मी मेहनती आहे" हा स्वभाव, आणि तोही तुमच्याच तोंडून ऐकलेला. "लोकांमध्ये मिसळायला आवडतं" ही आवड. पण "दर महिन्याच्या २० तारखेआधी जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं म्हणून खरेदीची बिलं पोर्टलवरच्या नोंदींशी जुळवते आणि जुळत नाहीत त्या पुरवठादारांच्या मागे लागून दुरुस्त करून घेते" हे कौशल्य आहे. खरं तर दोन आहेत. एक हिशेबाचं आणि दुसरं मागे लागण्याचं. दुसरं बहुतेक जणी लिहीत नाहीत. नोकरी देणारा मात्र तेच शोधत असतो.

अमेरिकेत सिडनी फाइन यांनी १९५० च्या दशकात कामांची एक सोपी फोड केली होती. प्रत्येक काम माहिती, माणसं आणि वस्तू यांच्याशी कमीजास्त प्रमाणात जोडलेलं असतं, असं त्यांनी मांडलं. पुढे तिथल्या सरकारी व्यवसाय-कोशातही ती वापरली गेली. आपल्यालाही ती पुरते. तुमचा दिवस या तिघांपैकी कशाबरोबर जातो आणि कशाबरोबर बरा जातो, एवढं कळलं तरी पहिलं पाऊल पडलं.

मला खास असं काहीच येत नाही. मग काय लिहू?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि विचारणारा सहसा कामात मुरलेला माणूस असतो. हात बसला की काम काम वाटेनासं होतं आणि ते मोजायचंच राहून जातं.

रबाळ्याच्या एका कारखान्यात डिस्पॅचला असलेला मुलगा आला होता. म्हणाला, "मॅडम, मी काही विशेष करत नाही. गाड्या सोडतो." म्हटलं, कालचा दिवस सांग, सकाळपासून.

सकाळी इंदूरची गाडी लागली. ड्रायव्हरने लायसन्स दाखवलं, पण गाडीच्या फिटनेसची तारीख संपत आली होती. याने ट्रान्सपोर्टरला फोन करून दुसरी गाडी मागवली. तोवर माल धक्क्यावर आला. वाटेत धुळ्याला काही पेट्या उतरायच्या होत्या, म्हणून त्या शेवटी चढवायला लावल्या, म्हणजे धुळ्यात सगळी गाडी उपसावी लागणार नाही. ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्याने नेताना लागणारा ऑनलाइन कागद, काढलं. २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने साधारण ६०० किलोमीटरला तीन दिवसांची मुदत मिळते, आणि शनिवार-रविवार मध्ये येत असल्यामुळे त्याने ड्रायव्हरला निघताना बजावलं की अडकलास तर मुदत संपायची वाट न बघता फोन कर, मी वाढवून घेतो. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टरच्या पावतीवर, पेट्यांचा आकडा आणि इन्व्हॉइसवरचा आकडा एकाने चुकत होता. लोडिंगवाल्यांशी न भांडता पुन्हा मोजून घेतलं. संध्याकाळी पार्टीला गाडी नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल पाठवला.

आता यात काय काय आहे ते बघा. कागदपत्रं तपासणं, लोडिंगचा क्रम लावणं, नियमाची मुदत लक्षात ठेवून पुढचा अडथळा आधीच ओळखणं, तफावत शोधणं आणि गिऱ्हाइकाला विचारायच्या आधी कळवणं. त्याच्या बायोडेटात यातलं एकही नव्हतं. तिथे होतं, "डिस्पॅच असिस्टंट, ६ वर्षं. हार्डवर्किंग अँड सिन्सियर."

तुम्हीही हेच करा. काल काय केलं ते एखाद्या अनोळखी माणसाला सांगतोय असं समजून लिहा. "रोजचंच" हा शब्द आला की तिथे थांबून तो फोडा.

सुरुवात करायला काही पद्धत आहे का?

आहे, पण त्यात चमत्कार काही नाही. एक वही घ्या. दोन आठवडे रोज दिवसातली तीन-चार कामं लिहा. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात. काय केलं, कशाच्या मदतीने केलं, आणि त्याने काय झालं. "मीटिंग घेतली" लिहून उपयोग नाही. "दोन विभागांचं तारखेवरून अडलं होतं, दोघांना एकत्र बसवून तारीख ठरवली" असं लिहा. ठाणे-वाशी लोकलचा प्रवास साधारण अर्ध्या तासाचा आहे, तेवढ्यात एका दिवसाची नोंद सहज होते. अर्थात बसायला जागा मिळाली तर.

पंधरवड्यानंतर वही उघडून तीन रंगांनी खुणा करा. नवख्याला जास्त वेळ लागला असता अशा ओळींना एक रंग. कोणी न सांगता तुम्ही आपणहून केलेल्या कामांना दुसरा. आणि केल्यावर जीव नको झाला अशांना तिसरा. पहिले दोन रंग जिथे एकत्र येतात तिथे तुमचं भांडवल आहे. पहिला आणि तिसरा एकत्र आले तर सावध व्हा, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

दुसऱ्यांना विचारावं का? घरचे तर कौतुकच करतात.

जरूर विचारा, पण "माझ्यात काय चांगलं आहे?" असं विचारू नका. त्यावर "तू खूप समजूतदार आहेस" असलीच उत्तरं येतात. "माझ्याकडे तू शेवटची कशासाठी आलास?" असं विचारा. उत्तरात घटना येते, आणि घटनेत कौशल्य सापडतं.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोघांनी १९५५ मध्ये चार खणांची एक चौकट मांडली. दोघांच्या पहिल्या नावांवरून तिला जोहारी खिडकी म्हणतात. त्यातला एक खण दुसऱ्यांना दिसतं पण आपल्याला दिसत नाही अशा गोष्टींचा. नोकरीच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा खण तोच. तो भरायला निदान एक जण वरचा, एक बरोबरीचा आणि एक तुमच्याकडून काम करून घेणारा निवडा. सासरचे-माहेरचे यात धरू नका.

ऑनलाइन चाचण्या किती खऱ्या?

कोणती चाचणी आणि कशासाठी, यावर अवलंबून आहे. आधी एक गमतीदार प्रयोग ऐका. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला "तुमचं" वर्णन दिलं. ते किती जुळतं त्याला गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ५ पैकी ४.२६. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली बरीचशी वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. "तुम्ही बाहेरून कणखर पण आतून हळवे आहात" असं वाचून मान डोलावण्याआधी हे आठवा.

उपयोगाच्या चाचण्याही आहेत. जॉन हॉलंड यांनी १९५९ पासून विकसित केलेली सहा गटांची मांडणी आवडीचा कल शोधायला बरी आहे. हातांनी करायची कामं, शोध घेण्याची, कलेची, माणसांना मदत करण्याची, पुढाकार घेऊन विकण्या-चालवण्याची आणि नीटनेटकी कार्यालयीन, असे ते गट. पण कल म्हणजे कौशल्य नव्हे. आपल्या राज्यात २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी आली, तेव्हा पालकांचा हाच घोळ झाला. "ललित कला" आलं म्हणजे मुलीला चित्र काढता येतं, असा अर्थ घरोघरी लावला गेला. तिला तिकडे ओढ आहे, एवढंच ते सांगत होतं.

बोटांच्या ठशांवरून करिअर सांगतात, ते करावं का?

नाही. हावर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तेची कल्पना मांडली, तिचं नाव घेऊन हे अहवाल विकले जातात. ठशांवरून बुद्धी किंवा कौशल्य कळतं याला शास्त्रीय आधार नाही. त्या पैशांत एखादा चांगला टॅलीचा किंवा वेल्डिंगचा वर्ग होतो.

मग समुपदेशकाकडे जावं की नको?

गोंधळ फार असेल तर जावं. समोरचा माणूस मानसशास्त्र शिकलेला आहे का आणि चाचणीनंतर तुमच्याशी बसून बोलतो का, हे आधी विचारा. नुसता छापील अहवाल हातात देणाऱ्याकडे जाऊ नका. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. तिच्या 'वेध' या उपक्रमात निरनिराळ्या क्षेत्रांतल्या माणसांशी व्यासपीठावर गप्पा होतात. ती माणसं आपल्या कामाबद्दल कसं बोलतात याकडे कान द्या. पदाचं नाव क्वचित येतं, केलेल्या गोष्टीच जास्त येतात. कामाबद्दल बोलावं कसं, हे त्यातून आपोआप कळतं.

दहा-बारा वर्षं घरी होते. मुलं मोठी झाली. माझं काय मोजणार?

"घर सांभाळलं" एवढंच लिहिलंत तर कोणी मोजणार नाही, हे खरं सांगते. त्या वर्षांत घराबाहेर जबाबदारी घेऊन केलेलं काहीतरी नक्की असेल. ते शोधा.

खारेगावच्या एक ताई सोसायटीच्या खजिनदार होत्या. "ते काय, सोसायटीचं असतंच" म्हणत होत्या. विचारत गेले तसं बाहेर आलं. मेंटेनन्सची बिलं काढणं, थकबाकीदारांना आधी फोन, मग नोटीस. इमारतीच्या रंगकामासाठी तीन कोटेशन्स मागवून त्यांनी तक्ता केला होता, आणि एकाने प्रायमरचा हात धरलाच नव्हता म्हणून तो स्वस्त दिसतोय, हे त्यांच्याच लक्षात आलं. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायची म्हणून ऑडिटरच्या मागे लागून हिशेब तयार करून घेतला. आणि त्या सभेत तावातावाने बोलणाऱ्या सभासदांना आकडे दाखवून शांत केलं. हे सगळं ऑफिस अ‍ॅडमिन आणि खरेदी विभागाचं काम आहे. फरक एवढाच की त्याचा पगार मिळत नव्हता.

सभेचं इतिवृत्त, तो तक्ता, ऑडिट रिपोर्ट हे पुरावे आहेत. लोकांची नावं झाकून जपून ठेवा. भिशी, शाळेच्या स्नेहसंमेलनाची जबाबदारी, घरगुती डब्यांचा व्यवसाय यांनाही हेच लागू. डबे करत असाल तर "रोज २५ डबे, वेळेत, किमतीचा हिशेब सांभाळून" असं लिहा. "स्वयंपाकाची आवड" नको.

काम येतं पण सर्टिफिकेट नाही.

आधी शिकलेल्या कामाची परीक्षा घेऊन मान्यता देण्याची सोय आहे. तिला आरपीएल म्हणतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ती आहे. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या इलेक्ट्रिशियनला, शिवणकाम करणाऱ्याला, वाहन दुरुस्त करणाऱ्याला तिचा उपयोग होतो. जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये किंवा जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात चौकशी करा. तुमच्या कामाची परीक्षा सध्या कुठे होते, ते तिथेच कळेल.

माझ्या कामाला नाव काय देऊ तेच कळत नाही.

केंद्र सरकारच्या २०१५ च्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात सुमारे ३,६०० व्यवसायांची वर्णनं आहेत. आपल्या कामाच्या जवळचं शोधून वाचा. भाषा रुक्ष आहे, झोप येईल, पण "मी हे करतो, याला असं म्हणतात होय!" असा क्षण येतो. त्यानंतर नोकरीच्या पाच-सहा जाहिराती समोर ठेवा आणि त्यांतले शब्द तुमच्या वहीतल्या ओळींशी लावून बघा. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टल नोकरी शोधणाऱ्यांना मोफत आहे, जाहिराती तिथेही मिळतील.

एखादं काम चांगलं येतं, पण मला त्याचा कंटाळा आहे.

वहीत पहिला आणि तिसरा रंग एकत्र आला तो हा प्रकार. माझं मत स्पष्ट आहे. ते बायोडेटात सगळ्यांत वर लिहू नका, नाहीतर पुढची नोकरी त्याचीच मिळेल आणि दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा इथेच याल. घराचा हप्ता चालू असेल तर मात्र तोच हात धरून उडी मारा आणि आत गेल्यावर बाजूला सरका. पेरोल, म्हणजे पगाराचे हिशेब, करून कंटाळलेली मुलगी पेरोलच्याच कंपनीत गिऱ्हाइकांना सॉफ्टवेअर शिकवण्याच्या विभागात गेली. माहिती तीच, पण समोर आकड्यांऐवजी माणसं.

इंग्रजी कच्चं आहे. त्यामुळे सगळंच कमी ठरतं का?

ठरत नाही. यादी मराठीतच करा, विचार स्वच्छ होतो. मात्र इंग्रजीला एक वेगळं कौशल्य मानून प्रामाणिकपणे मोजा. कोणाच्या मदतीशिवाय चार ओळींचा मेल लिहिता येतो का? फोनवर तक्रार ऐकून घेता येते का? ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांमध्ये हे लागतं. कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर मराठी-हिंदीत बरंच निभावतं, पण सुपरवायझर व्हायचं तर रिपोर्ट लिहावाच लागतो.

आमच्या भागात कोणती कौशल्यं चालतात?

एक यादी देऊन मोकळं होता येत नाही, कारण इथे चार-पाच वेगळे बाजार एकमेकांना खेटून आहेत. टीटीसी म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनं, इंजिनिअरिंग, प्लास्टिक, आणि मधूनमधून डेटा सेंटर. वाशीच्या एपीएमसीत माल पारखणं, भाव काढणं, उधारी सांभाळणं. ही पारख कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. न्हावाशेवाला १९८९ पासून बंदर आहे, तिथे कस्टम्सची कागदपत्रं आणि कंटेनरची ने-आण. भिवंडीकडे गोदामांचं जाळं. आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ. विमानतळ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हवाई सुंदरी येते. प्रत्यक्षात कार्गो, सुरक्षा, स्वच्छता, केटरिंग, विजेची देखभाल यांना माणसं जास्त लागतात.

मघाचा रबाळ्याचा मुलगा आठवा. त्याची यादी बंदराला चालते, गोदामाला चालते आणि कार्गोलाही चालते. तो मात्र स्वतःला "प्लास्टिक लाइनचा माणूस" समजत होता.

वय ४७. कंपनी बंद झाली. आता नवीन काय शिकू?

आधी जुनं मोजा. पोखरण रोड, कोलशेत, माजिवड्याच्या कितीतरी कारखान्यांच्या जागी आज टॉवर उभे आहेत. त्या टॉवरमध्ये पंप आहेत, जनरेटर आहेत, सांडपाण्याचा प्रकल्प आहे, लिफ्ट आणि अग्निशमनाच्या लाइन आहेत. पंपाचा आवाज ऐकून बेअरिंग खराब व्हायला लागलंय हे ओळखणारा फिटर तिथे लागतोच. वर त्याला कंत्राटदाराची कामं तपासून सही करता येत असेल, तर तो टेक्निकल सुपरवायझर. शिकायचं असेल ते थोडकं. एक्सेलमध्ये देखभालीचं वेळापत्रक, मेल, आणि रहिवाशांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डोकं शांत ठेवणं. यातलं शेवटचं सगळ्यांत कठीण, असं त्या कामातले लोक सांगतात.

पगार सुरुवातीला कमी वाटेल. तो प्रश्न खरा आहे आणि त्याला गोड उत्तर माझ्याकडे नाही.

एआयमुळे माझं कौशल्य उद्या निरुपयोगी झालं तर?

वहीतल्या ओळी पुन्हा बघा. मसुदा लिहिणं, माहिती भरणं, सारांश काढणं यातलं बरंच मशीन करू लागलंय. चूक पकडणं, जबाबदारी घेणं आणि चिडलेल्या माणसाला समजावणं अजून माणसाकडे आहे. तुमच्या किती ओळी पहिल्या प्रकारच्या आहेत ते मोजा आणि हे नवं साधन स्वतः वापरून बघा.

नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागतात.

देऊ नका.

बायोडेटात हे सगळं कसं बसवू?

सगळं बसवायचंच नाही. ज्या नोकरीला अर्ज करताय तिच्या कामाची चार-पाच कौशल्यं निवडा आणि प्रत्येकापुढे एक घटना, जमल्यास आकड्यासह. आकडा खराच हवा. "खर्च ४० टक्के वाचवला" असं कोणी लिहिलं की मी पुढचा प्रश्न "कशाचे ४० टक्के?" हाच विचारायचे, आणि तिथेच बरेच जण अडकायचे. मुलाखतीत सांगताना परिस्थिती काय होती, तुमच्याकडे काय आलं, तुम्ही काय केलं, काय झालं, या क्रमाने सांगा. "आम्ही केलं" असं म्हणायची आपल्याला सवय असते. तिथे "मी काय केलं" हे संकोच न करता सांगा.

यादी तयार झाली. पहिल्यांदा कोणाला दाखवू?

जे काम तुम्हाला हवंय ते आज करत असलेल्या माणसाला. ओळख नसेल तर जुना सहकारी, आयटीआयचे सर किंवा इमारतीतला कोणीतरी मध्ये घाला. वीस मिनिटं मागा आणि एकच विचारा, "यातलं तुमच्याकडे रोज काय लागतं आणि काय कधीच लागत नाही?" तो ज्या ओळी खोडेल त्यावर वाद घालू नका. फक्त अकाउंट्स किंवा डिस्पॅचवाला असेल तर महिनाअखेरीला फोन करू नका, पाच-सहा तारखेनंतर करा.